मास्कवरचा पिठाचा ठिपका

बेकरीवाला गेल्यावर त्याची बायको मला म्हणाली, “काका, त्यांच्याबद्दल चार ओळी लिहा. तुम्ही त्यांना चांगलं ओळखत होतात.” मी मान हलवली, कारण अशा वेळी नाही म्हणणं बरं दिसत नाही. कागद पुढे घेतला तेव्हा लक्षात आलं, की मी त्याला फारसं ओळखत नव्हतोच. त्याच्या बेकरीच्या वर माझी खोली. त्याच्या भट्टीच्या उबेने माझी फरशी तापते आणि माझ्या गुडघ्यांना आराम पडतो. त्याचं खोकणं, ट्रे आदळण्याची त्याची पद्धत, हे मला पाठ होतं. पण तो कुणाचा कोण, त्याला कशाने झोप लागत नसे, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारता येत नाही आणि तो आपणहून सांगणाऱ्यातला नव्हता. इस्पितळात त्याच्या शेजारी मी पुष्कळ बसलो, तेही बहुतेक गप्पच. तेव्हा इथे आहे ते थोडं मी पाहिलेलं, बरंचसं तिने सांगितलेलं, आणि मधले सांधे मी भरलेले.

गल्लीत त्याला सगळे भोपळ्या म्हणायचे. अंगाने गोल, गाल वर आलेले, हसला की डोळे दिसेनासे व्हायचे. ज्या जुन्या मालकाच्या हाताखाली तो शिकला त्याने हे नाव ठेवलं. मालक गेला, बेकरी याच्याकडे आली, तरी नाव सुटलं नाही. एकदा नव्या पोस्टमनने दारात उभं राहून विचारलं, “भोपळे यांची बेकरी हीच का?” याने पिठाचे हात जोडून सांगितलं, “हीच. आणि भोपळाही हाच.”

मग तो वाळायला लागला. आधी त्याला बरंच वाटलं. विजारीची नाडी आवळताना म्हणायचा, “वाकायला सोपं जातंय.” पुढे पोट बिघडलं. पीठ मळता मळता तसेच हात घेऊन मागे संडासाकडे पळायचा. हाडं दुखायची. मला पाव द्यायला जिना चढताना मधेच टेकायचा आणि मी बघतोय असं दिसलं की चप्पल नीट करतोय असं दाखवायचा. पण आपलं काहीतरी फार बिघडलंय हे त्याला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की बऱ्याच दिवसांत आपल्याला कुणी भोपळ्या म्हटलेलं नाही. कोपऱ्यावरचा न्हावी एरवी लांबूनच हाक मारायचा, तो आता जवळ येऊन, आवाज खाली आणून, “काय शेठ, कसं काय?” विचारत होता.

“लोक नाव टाळायला लागले की समजावं,” तो बायकोला म्हणाला.

“काहीतरीच बोलू नका,” ती म्हणाली, आणि आत जाऊन उगाचच भांडी लावत बसली.

मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं. पोटाच्या डॉक्टर मॅडम वयाने तरुण होत्या, पण बोलण्यात घाई नव्हती. त्यांनी विचारलं, “धंदा काय तुमचा?”

“बेकरी.”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. 

“तुम्हाला गहू चालत नाही,” त्या म्हणाल्या. “सीलिअ‍ॅक म्हणतात या आजाराला. ज्याच्यामुळे तुमचं पीठ ताणलं जातं ना, ते गव्हातलं प्रथिन. ते पोटात गेलं की तुमचं शरीर त्याला शत्रू समजतं.”

“मॅडम, मी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच्यातच आहे.”

“शरीराचं मत मधेच बदलतं कधीकधी.”

“बायकोबद्दल बदलतं तसं,” हा पुटपुटला.

“नवऱ्याबद्दलही बदलतं,” शेजारून बायको म्हणाली.

मॅडम हसल्या, पण पुढचं त्यांनी हसत सांगितलं नाही. गहू पूर्ण बंद. आणि पीठ हवेत उडतं, नाकातोंडातून पोटात जातं, हाडं आधीच ठिसूळ झाली आहेत. तेव्हा जमलं तर धंदाही बदला.

 परत येताना घराजवळच्या थांब्यावर बसमधून उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, “बदला म्हणे. शर्ट आहे का?”

तो भात, बटाटे, अंडी खाऊन राहू लागला. आपल्याच हातचा पाव गिऱ्हाइकाला देताना नुसता वास घ्यायचा. पण बेकरी सोडवेना. त्याला दुसरं काही येत नव्हतं असं नाही. दुसरं काहीही करताना त्याचे हात कुणाकडून उसने आणल्यासारखे दिसायचे. मळायला एक माणूस ठेवून पाहिला. तो मळत असताना हा दारातून असा बघायचा, जणू कुणी याच्या पोराला बडवतंय. आठवडाभरात तो माणूस पळाला.

तेव्हा मॅडमनी नव्या औषधाची गोष्ट काढली. नवऱ्याबायकोला दोघांनाही समोर बसवलं.

“शरीरात पहारेकरी असतात,” त्या म्हणाल्या. “चोराला मारायचं, घरच्याला सोडायचं, हे त्यांचं काम. तुमच्या पहारेकऱ्यांनी गव्हाला चोर ठरवलंय. गहू आला की ते दंडुके घेऊन धावतात आणि त्या हाणामारीत भिंती फुटतात त्या तुमच्याच घराच्या. आजवर आमच्याकडे एकच उपाय होता, गव्हाला घरात येऊच द्यायचं नाही. आता एक नवा प्रयोग चाललाय. गव्हातलं तेच प्रथिन घेऊन त्याचे अगदी बारीक कण करायचे. नॅनो कण म्हणतात. तुमच्या पिठाच्या एका कणात असे लाखो मावतील. ते सलाईनमधून रक्तात सोडायचे.”

“म्हणजे आपणच चोर आत सोडायचा?”

“हो, पण पुढच्या दाराने नाही. हे कण रक्तातून यकृतात जातात, प्लीहेत जातात. शरीरातल्या मेलेल्या पेशी तिथेच गोळा होतात. घरचाच केर तो. तिथे जे सापडतं त्यावर सहसा कुणी दंडुका उगारत नाही. मग तिथून पहारेकऱ्यांना निरोप जातो, की हा आपल्यातलाच आहे, सोडा याला.”

बेकरीवाल्याने थोडा विचार केला. “म्हणजे मागच्या दाराने आत घ्यायचं आणि जावई म्हणून ओळख करून द्यायची.”

“अगदी तसंच.”

“जावयालाही कधीकधी दंडुका लागतोच,” बायको म्हणाली.

“लागतो,” मॅडम म्हणाल्या. “म्हणूनच नीट ऐका. निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं मीठपाणी. कुणाला काय, हे मलाही माहीत नसेल. दुसरं असं, की पहारेकरी आधी शांत झालेले हवेत. ते चिडलेले असताना हे कण सोडले तर पहारेकरी तिथल्या तिथे त्यांच्यावर तुटून पडतील. श्वास अडकू शकतो, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून आधी काही महिने गहू अजिबात नाही. पहारेकरी किती चिडलेत ते सांगणारा रक्तातला आकडा उतरला, तरच औषध. त्या काळात ज्याच्या पोटात गहू गेला, त्याचं नाव कमी.”

“आणि लागू पडलं, तर पीठ सोडायला नको?”

“लागू पडलं तर, कदाचित.”

त्या ‘कदाचित’वर तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. गव्हाचा कण तोंडात घालणार नाही, अशी आईची शपथ घेतली. मॅडम म्हणाल्या, शपथेची गरज नाही, रक्त सांगेल.

रक्ताने जे सांगितलं ते वाईट होतं. पहिल्या तपासणीत आकडा तसूभर हलला नाही. मॅडमनी विचारलं, काय काय खाता. त्याने सांगितलं. पुन्हा विचारलं, आणखी काय. तो म्हणाला, “आणखी काही नाही हो. काय सांगू?” त्यांनी मान हलवली, पण ती मान कशी हलली ते त्याला दिसलं.

घरात संशय शिरला. त्याला वाटे, बायकोच्या तव्याला काहीतरी राहतं. तिने त्याच्यासाठी तवा, कढई, पातेली सगळी नवी आणली, त्यांना लाल दोरा बांधला, आणि ती तिच्याशिवाय कुणी घासायची नाहीत असं ठरलं. तिला वाटे, हाच कुठेतरी चोरून खातो. दुकान बंद करून तो आत आला की ती काहीतरी निमित्ताने त्याच्या तोंडाजवळ जायची.

“बाकीच्या बायका दारूचा वास घेतात,” ती म्हणायची, “माझ्या नशिबी पावाचा.”

“घे, नीट घे,” तो तोंड उघडून उभा राहायचा. “बटाटा येतो का बघ.”

हसायची दोघं, पण ते हसणं फार टिकायचं नाही. दुसरी तपासणी झाली. आकडा तिथेच. या वेळी मॅडमनी खाण्याबद्दल विचारलंच नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी उतरला नाही, तर मला तुम्हाला घेता येणार नाही. मग पीठ सोडावंच लागेल. नाहीतर थोड्या दिवसांत नुसत्या शिंकेने बरगडी मोडेल, अशी तुमची हाडं झाली आहेत. एक करा. कदाचित उडणारं पीठ असेल. काम करताना मास्क लावा. पूर्ण वेळ.”

मास्क लावून भट्टीपुढे उभं राहणं म्हणजे काय ते मी वरून ऐकत होतो. घुसमटायचा, शिव्या द्यायचा, पण काढत नव्हता. दुपारी काम आटोपलं की मास्क बायकोच्या हातात द्यायचा आणि ती तो धुवायची.

पहिल्याच दिवशी तिने मास्क उलटासुलटा करून पाहिला. बाहेरच्या बाजूला, बरोबर ओठांवर, पिठाचा एक ठिपका वाळून कडक झाला होता.

“हे काय?”

“उडालं असेल.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपका, तिथेच.

“रोज एकाच जागी उडतं? नेम धरून?”

“अगं, पिठाला काय डोळे असतात?”

तिसऱ्या दिवशी ती ट्रे पुसायच्या निमित्ताने दारात उभी राहिली. त्याने पीठ मळलं, उंडा केला, ओलं फडकं टाकलं. बिस्किटांचं बघून आला. फडकं वर केलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये पिठाची चिमूट धरून ओढली. हात वर गेला, मास्कला लागला, ओठांवर घासला आणि खाली येऊन फडक्याला पुसला गेला. तो पिठाकडे बघत म्हणाला, “अजून थोडं.”

“काय थोडं?”

“आंबायला पाहिजे थोडं.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? कळतं.”

“आत्ता काय केलंत तुम्ही?”

“कुठे काय केलं?”

तिने त्याचा हात मनगटाला धरला आणि त्याच्या डोळ्यांसमोर नेला. बोटांवर पीठ होतं. मग त्याचा मास्क कानावरून काढून तो ठिपका समोर धरला. तो बघत राहिला. बायकोने सांगितलेलं हे सगळं, आणि ती म्हणाली, की एखाद्याला आपल्याच घरात परका माणूस दिसावा तसा तो स्वतःच्या हाताकडे बघत होता.

“परत करा,” ती म्हणाली.

त्याने चिमूट घेतली. या वेळी मुद्दाम घेतली, त्यामुळे हात हनुवटीशीच अडला. तो पिठाच्या पोत्यावर बसला. जुना मालक त्याला शिकवायचा, “पिठाला तोंड नसतं, आपलं द्यावं लागतं.” पीठ किती आंबलं, मीठ कसं लागलं, ते जिभेला विचारायचं. तेव्हापासून रोज, दर घाण्याला, हाताने हे काम केलं होतं आणि हात ज्याचा त्याला कधी कळवलं नव्हतं. तो घड्याळ न बघता पीठ ओळखतो याचं आम्हाला सगळ्यांना कौतुक होतं. कसं ओळखतो ते कुणी पाहिलं नाही.

“थुंकत असेन मी,” तो म्हणाला.

“थुंकताना मी तरी कधी पाहिलं नाही.”

“नाही. मीही नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. तवे बदलले, कढया बदलल्या, एकमेकांच्या तोंडाचे वास घेतले, आणि चोर त्याच्याच मनगटाला लटकलेला.

आता खरी काळजी सुरू झाली. त्याचं म्हणणं, सांगायचंच कशाला? मास्क आहे, हात अडतो, आता आकडा उतरेल. सांगितलं की नाव गेलं, आणि नाव गेलं की पीठ गेलं. “हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?”

“हात दाखवायचा राहिलाच कुठे?” बायको म्हणाली. “ते पहारेकरी शांत हवेत म्हणाल्या होत्या मॅडम. ते शांत झालेत की नाहीत, हे तुम्ही ठरवणार?”

तो तिच्यावर ओरडला. मग ओरडल्याबद्दल तिला चहा करून दिला, आणि साखरेऐवजी मीठ घातलं. त्या आठवड्यात बेकरीत टोस्टचा अख्खा घाणा जळाला. इतक्या वर्षांत जळका वास माझ्या खोलीत कधी आला नव्हता. मी खाली गेलो. तो भट्टीसमोर स्टुलावर बसला होता, काळे टोस्ट एकावर एक रचत.

“काका, एक विचारू?”

“विचार.”

“एखादी गोष्ट आपण केली, पण करतोय हे आपल्याला माहीतच नव्हतं. तर ती केली म्हणायची का?”

मला अशा प्रश्नांची सवय नाही.  सुचलं ते म्हटलं, “तुझं पोट काय म्हणतंय?”

त्याने टोस्ट रचणं थांबवलं. “पोट म्हणतंय, केलीस.”

पुढच्या तपासणीला बायकोला दुकान सोडता येईना आणि इस्पितळाचा नियम होता की सोबत कुणीतरी हवं. म्हणून मी गेलो. बसमध्ये त्याने सारखा खिशाला हात लावला. मला वाटलं, किल्ल्या आहेत. आत गेल्यावर मॅडम “बसा” म्हणायच्या आधीच त्याने खिशातून न धुतलेला मास्क काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

“मॅडम, मी खात होतो.”

“काय?”

“पीठ. रोज. मला माहीत नव्हतं.”

आणि त्याने चिमूट, हात, मालक, सगळं सांगितलं. मला वाटलं मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मास्क उचलून उजेडात धरला आणि त्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला वाटत होतं, तुम्ही बिस्किटं खाता आणि खोटं बोलता.”

“ते बरं झालं असतं. बिस्किटं सोडता आली असती.”

“या तुकडीतून तुमचं नाव काढावं लागेल. नियमच आहे. पण तुम्ही गप्प बसला असतात आणि आकडा कसाबसा हद्दीत आला असता, तर मी सलाईन लावलं असतं. चिडलेल्या पहारेकऱ्यांपुढे लाखो चोर सोडले असते.” त्यांनी मास्क परत टेबलावर ठेवला. “पुढची तुकडी निघाली तर तुम्हाला घेता येईल का, ते मी एकटी ठरवत नाही. समिती असते. फोन करू.”

त्याने विचारलं नाही, की फोन किती दिवसांत. विचारावंसं वाटत होतं, ते मला दिसत होतं. मलाही वाटत होतं. आम्ही दोघं तसेच उठलो.

मग त्या फोनची वाट बघणं आलं. गल्ल्यावरचा फोन वाजला की भट्टीवरून धावत यायचा. वाढदिवसाचा केक सांगणाऱ्या माणसाला तो अशा आवाजात “हॅलो” म्हणायचा, की समोरचा आधी विचारायचा, “घरी सगळं ठीक आहे ना?” बायकोने फोन उचलला आणि दुसऱ्याच कुणाचा निघाला, तर तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा आणि परत भट्टीकडे जायचा.

पिठाचं काय करायचं, तो मार्ग मात्र घरातच निघाला. हात तर थांबत नव्हता. चिमूट घेऊन तो वर निघायचाच. मग बायकोने त्याला वाटेत अडवायचं ठरवलं. तो चिमूट घ्यायचा आणि ती शेजारी उभी राहून मान पुढे करायची.

“काय?”

“थोडं आंबट.”

“थोडं म्हणजे किती?”

“थोडं म्हणजे थोडं. एवढी वर्षं माझ्या जिभेला नावं ठेवलीत, तिखट आहे म्हणून. आता तिच्यावर पोट आहे तर नीट विचारा.”

सुरुवातीचे पाव चमत्कारिक झाले. एकदा अळणी, एकदा खारट. गिऱ्हाइकं कुरकुरली. मीही ते पाव खाल्ले. चांगले नव्हते, पण तसं म्हटलं नाही. हळूहळू तिची जीभ तयार झाली, का त्याने तिचं बोलणं समजून घ्यायला सुरुवात केली, ते मला सांगता येणार नाही. त्याच्या तपासण्या चालू होत्या. आकडा उतरू लागला.

फोन आला तेव्हा तो बेकरीत नव्हताच. न्हाव्याकडे दाढीला बसला होता. बायको रस्ता ओलांडून तशीच पिठाच्या हातांनी धावली आणि दारातून ओरडली, “घेतलं!” न्हाव्याने वस्तरा त्याच्या गळ्यापासून लांब केला, नाहीतर त्या दिवशी औषधाची गरजच उरली नसती.

सलाईनच्या दिवशी पुन्हा मीच सोबत. पलंगापलीकडे खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. औषधाच्या पिशवीवर तपकिरी आवरण घातलेलं, आतलं पाणी गढूळ की स्वच्छ ते दिसू नये म्हणून. तो त्या आवरणाकडे बघत होता.

“काका, काय वाटतं? गहू आहे का मीठ?”

“मला काय कळतंय.”

“जिभेवर थेंब ठेवता आला असता तर मी सांगितलं असतं.”

मग त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने पाहिलं तर त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. ओठ पांढरे. मी उठलो. दाराकडे बघून हात हलवला. सिस्टर आली, तिने थेंब बंद केले, रक्तदाब घेतला, मॅडमना बोलावलं. त्यांनी छाती तपासली. तो मला म्हणाला, “दंडुके निघाले वाटतं, काका.” हसायचा प्रयत्न केला, पण दात वाजत असल्यामुळे नीट जमलं नाही. आपण इथे पोचलो ते खरं बोलूनच, आणि तरीही पहारेकरी चिडलेलेच असले तर, हे त्याच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं.  दोन पांघरुणं घातली. हळूहळू ओठांना रंग आला. थेंब पुन्हा सुरू झाले, सावकाश.

“म्हणजे खरंच औषध आहे,” मी सिस्टरला म्हटलं.

“नुसत्या भीतीनेही थंडी वाजते, आजोबा,” ती म्हणाली.

आठवड्याने दुसरं सलाईन झालं, तेव्हा काही झालं नाही, आणि मग काही झालं नाही याचीच काळजी वाटायला लागली, मीठपाणी तर नसेल?

त्यानंतर परीक्षा होती. इस्पितळातून मोजून दिलेल्या गव्हाच्या पुड्या रोज खायच्या आणि शेवटी पुन्हा नळी घालून आतडं बघायचं. ज्याच्या भट्टीतून रोज ट्रेच्या ट्रे निघायचे, तो गिऱ्हाइकांकडे पाठ करून कागदाच्या पुडीतलं बेचव पीठ पाण्याबरोबर गिळायचा. आणि मग ऐकत बसायचा. पोटात जरा गुरगुरलं की नवराबायको दोघं हातातलं काम सोडून एकमेकांकडे बघायची. तो संडासात गेला की ती बाहेर उगाच बादली हलवायची.

“काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“काही नाही म्हणजे काही नाही! सांगण्यासारखं काही असलं तर ताट वाजवतो.”

नळीच्या दिवशी ती स्वतः गेली, दुकानाला कुलूप लावून. मी वरून रस्ता बघत बसलो. ती दोघं परत आली तेव्हा त्यांच्या चालीवरून काही कळेना. तो पुढे, ती मागे. कुलूप काढलं. मग ती जिन्याखालून मला म्हणाली, “काका, खाली या.”

मॅडमनी सांगितलं होतं, आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते. ती थोडी दबली आहे, पण उभी आहे. पाव खा असं मी म्हणणार नाही. हे किती दिवस टिकेल, कुणालाच माहीत नाही. पण चुकून कण गेला तर घर पडणार नाही. मास्क लावा, तपासायला येत राहा, आणि पिठात राहा.

“पिठात राहा म्हणाल्या,” तो मला म्हणाला, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, भट्टीकडे तोंड करून.

सलाईनमध्ये खरं औषध होतं की मीठपाणी, हे पुढे त्यांना कळवलं म्हणे. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

अंगावर थोडं मांस आलं. एका सकाळी कोपऱ्यावरच्या न्हाव्याने सवयीने लांबूनच हाक मारली, “काय भोपळ्या!” आणि जीभ चावली. हा दारात येऊन उभा राहिला.

“काय म्हणालास?”

“काही नाही, शेठ.”

“नाही नाही. परत म्हण.”

त्यानंतर दोनेक वर्षं तो पिठात राहिला. तपासणीची तारीख आली की आधीचे काही दिवस तो आणि ती एकमेकांवर विनाकारण चिडायची, ते मात्र शेवटपर्यंत गेलं नाही. मग एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. पोटाचा काही संबंध नव्हता.

त्याच दिवशी सकाळी मी नेहमीसारखा खाली गेलो होतो. तो मास्क लावून टेबलापाशी होता, ती गल्ल्यावर.

“काका, आज जरा आंबट आहे म्हणे.”

“म्हणे?”

“ही म्हणते.”

“चालेल,” मी म्हटलं. “भाजून खाईन.”

“मग ट्रेच्या कडेचा देऊ?”

“कडेचा दे.”